गेटच्या आत, गेटच्या बाहेर

३० जुलै २०१८, सोमवार. मराठा आरक्षणाच्या मागणीसाठी चाकण बंद होतं. आठवडाभर आधी, २३ जुलैला, कायगाव टोक्याला एका आंदोलक तरुणानं गोदावरीत उडी घेऊन जीव दिला होता आणि त्यानंतर राज्यभर वातावरण पेटलं होतं. चाकणमध्ये सुरुवात शांततेत झाली. मग पुणे-नाशिक महामार्गावर पीएमपीच्या आणि एसटीच्या बस जळाल्या, खासगी गाड्या जळाल्या, पोलिसांवर दगड पडले आणि अखेर जमावबंदी लागू झाली. पुढे दहा दिवसांनी, ९ ऑगस्टला, वाळूजच्या औद्योगिक पट्ट्यात जमाव थेट कारखान्यांत शिरला आणि त्यानं अनेक कंपन्यांत तोडफोड केली. चाकणला आग लागली ती रस्त्यावर. तीही मुख्यतः बसना. या भागात पीएमपीची बस कोणाची, तर ज्याला कंपनीची बस मिळत नाही त्याची.

त्या दिवशीची मागणी काय होती, तर शिक्षणात आणि सरकारी नोकऱ्यांत आरक्षण. आणि ती होत होती कुठे, तर जिथून दहा-पंधरा किलोमीटरच्या आत बजाज, महिंद्रा, फोक्सवॅगन, मर्सिडीज आणि त्यांना सुटे भाग पुरवणारे शेकडो लहान-मोठे कारखाने आहेत. त्यातल्या एकाही गेटवर आरक्षण लागू होत नाही. देशातल्या इतक्या मोठ्या वाहन उद्योगाच्या दारात राहणारा, बारावी किंवा आयटीआय झालेला पोरगा तलाठ्याची आणि पोलीस भरतीची जाहिरात बघत का बसतो? ‘सरकारी नोकरीचं वेड’ असं म्हणून हात झटकणारे पुष्कळ भेटतात. मला ते उत्तर आळशी वाटतं. त्या पोराला सरकार नकोय, त्याला ‘परमनंट’ व्हायचंय. आणि परमनंट होण्याचा दरवाजा त्याच्या गावच्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या कारखान्यात त्याच्यासाठी बंद होत गेला.

हा दरवाजा एके काळी उघडा होता, याचे साक्षीदार निगडी, चिंचवड, चिखलीच्या सोसायट्यांमध्ये अजून आहेत. पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना १९५४मध्ये झाली. त्याआधीच फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांची छावणी इथे वसली होती. तिला आजही ‘पिंपरी कॅम्प’च म्हणतात. म्हणजे ‘बाहेरचे’ इथे कारखान्याच्या आधीच आले. १९६२मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, भोसरी-आकुर्डीच्या जमिनी संपादनात गेल्या, बजाज आली, टाटांची टेल्को आली. १९७०मध्ये पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी या गावांची मिळून नगरपालिका झाली, १९८२मध्ये महापालिका. कारखान्यांत येणाऱ्या मालावरच्या जकातीनं या महापालिकेची तिजोरी अशी भरली, की ‘आशियातली सर्वांत श्रीमंत’ हे बिरूद इथल्या नेत्यांच्या तोंडी कायमचं बसलं. आशिया कोणी मोजला होता देव जाणे.

बहात्तरच्या दुष्काळाच्या आगेमागे मराठवाड्यातून, खानदेशातून, साताऱ्या-सांगलीतून माणसं आली. पत्र्याच्या खोलीत चार-पाच जण, पाळीपाळीनं झोपणारे. त्यातला जो टेल्कोत किंवा बजाजमध्ये ‘लागला’, त्याचं आयुष्य बदललं. कंपनीची बस, कॅन्टीन, पीएफ, पतपेढीचं कर्ज, त्यातून घेतलेला गुंठा-दीड गुंठा, मुलांचं इंजिनिअरिंग. स्थळ बघताना ‘मुलगा टेल्कोत आहे’ एवढं सांगितलं की पुढची चौकशी थांबायची. आज तोच प्रश्न ‘परमनंट आहे का?’ असा येतो आणि बहुतेक वेळा चौकशी तिथेच थांबते, पण उलट्या अर्थानं.

कारखान्याच्या आतला संघर्ष टोकाला गेला तो १९८९मध्ये. राजन नायर हे नाव पन्नाशीच्या पुढच्या पिंपरी-चिंचवडकराला सांगावं लागत नाही. टेल्कोतून काढून टाकलेला हा कामगार टेल्को कामगार संघटनेचा नेता झाला. त्याचं आडनाव मल्याळी होतं, त्याच्या मागे जाणारे हजारो कामगार बहुतांशी मराठी होते आणि शिवसेनेच्या जन्माला वीस-बावीस वर्षं उलटलेल्या महाराष्ट्रात ते कोणाला खटकलं नाही. व्यवस्थापनानं त्याच्याशी बोलायचं नाकारलं आणि टेल्को एम्प्लॉईज युनियन या दुसऱ्या संघटनेशी वेतन करार केला. तेव्हा टेल्कोचं अध्यक्षपद नुकतंच रतन टाटांकडे आलं होतं. त्यांच्यासाठी ही पहिली मोठी परीक्षा होती. नायरचे सुमारे तीन हजार कामगार सप्टेंबरमध्ये पुण्यात शनिवारवाड्यावर उपोषणाला बसले. आंदोलनाला हिंसेचंही गालबोट होतं. व्यवस्थापनाच्या आणि विरोधी गटाच्या माणसांवर हल्ले झाले होते. ते झाकून या संपाची आरती ओवाळण्यात अर्थ नाही. २९ सप्टेंबरला भल्या पहाटे पोलिसांनी शनिवारवाड्याला वेढा घातला, उपोषणकर्त्यांना उचललं, बसमध्ये कोंबलं. मुख्यमंत्री होते शरद पवार. संप मोडला.

संप मोडला हे सगळेच सांगतात. त्या पहाटेनंतर आणखीही एक गोष्ट घडली, ती इतक्या हळू घडली की तिची बातमी झाली नाही. इथल्या कारखानदारीनं ठरवलं, की एका गेटच्या आत दहा हजार कायम कामगार पुन्हा कधी एकत्र येऊ द्यायचे नाहीत. असा काही ठराव कुठल्या बैठकीत झाला नसेल. तसं करायची गरजही नव्हती. जे काम आत होत होतं ते बाहेरच्या पुरवठादारांकडे गेलं. जे आत उरलं त्यात कंत्राटी, ट्रेनी, अप्रेंटिस, ‘नीम’ योजनेतले शिकाऊ, असे थर पडले. १९७०चा कंत्राटी कामगार कायदा होता. पण २००१मध्ये स्टील अथॉरिटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं, की कंत्राट पद्धत रद्द झाली तरी कामगार आपोआप मूळ मालकाचा होत नाही. सप्टेंबर २००७मध्ये बजाजच्या आकुर्डी कारखान्यातलं उत्पादन थांबलं. चाकणला बजाज १९९९मध्येच आलेली होती. २००९मध्ये फोक्सवॅगन आणि मर्सिडीजचे कारखाने सुरू झाले. नव्या पट्ट्यात जुन्या पद्धतीची नोकरी अगदी मोजक्यांना मिळाली.

आज चाकणच्या कुठल्याही मोठ्या शॉपफ्लोअरवर एकाच लाइनवर, एकाच गतीनं, एकच बोल्ट आवळणारी दोन माणसं असतात आणि त्यांच्या पगारात दुपटी-तिपटीचा फरक असतो. एकाला युनियन आहे, तीन वर्षांचा करार आहे. दुसऱ्याला अकरा महिन्यांनी ‘ब्रेक’ मिळतो. कायम कामगाराची युनियन पगारवाढीचा करार करते तेव्हा त्या वाढीचा भार कोणावर सरकतो, हे लाइनवरच्या दोघांनाही माहीत असतं. म्हणून दोघं एकत्र जेवत नाहीत.

इथे थोडं लांब जातो, अमेरिकेत. सतराव्या शतकातल्या व्हर्जिनियात तंबाखूच्या मळ्यांना माणसं हवी होती. तिथल्या इंग्रज वसाहतीनं एक नियम केला होता. जो कोणी स्वतःच्या खर्चानं एक माणूस समुद्रापलीकडून आणेल, त्याला त्या डोक्यामागे पन्नास एकर जमीन मिळेल. जमीन येणाऱ्याला मिळत नसे, आणणाऱ्याला मिळे. आलेला गोरा मजूर काही वर्षांच्या कराराने बांधलेला. करार संपेपर्यंत जगला तर सुटायचा आणि बाहेर येऊन बघायचा, तर नदीकाठची चांगली जमीन माणसं ‘आणणाऱ्यांनी’ वाटून घेतलेली. १६७६मध्ये नॅथॅनियल बेकन नावाच्या एका जमीनदाराच्या मागे हे लोक उठले. त्यात करार संपलेले गोरे होते, करारात असलेले होते, गुलाम आफ्रिकनही होते. त्यांनी राजधानी जेम्सटाउन जाळलं. पण या बंडाचा पहिला वार कोणावर पडला? गव्हर्नर बर्कलीवर किंवा मळेवाल्यांवर पडला नाही. तो पडला शेजारच्या मूळ रहिवाशांवर, ज्यांच्याकडून जमीन घेतली जात होती त्यांच्यावरच. बेकन त्याच वर्षी आजारानं मेला, बंड मोडलं, फाशा झाल्या. मळेवाल्यांनी धडा असा घेतला, की गोरा मजूर आणि काळा गुलाम पुन्हा एका बाजूला उभे राहता कामा नयेत. पुढच्या तीस वर्षांत मळे गुलामांवर चालू लागले आणि १७०५च्या कायद्यांनी दोघांमधली भिंत पक्की केली. गरीब गोऱ्याला जमीन फारशी मिळाली नाही, वरचढपणा मिळाला.

चाकण म्हणजे व्हर्जिनिया नव्हे. गुलामगिरीची तुलना कंत्राटी नोकरीशी करणं हा त्या गुलामांचा अपमान होईल. मला त्यातला फक्त तो डोक्यामागे पन्नास एकरांचा नियम आठवतो. माणूस आणणाऱ्याला मोबदला आणि आलेल्याला मुदत, ही मांडणी इथे रोज सकाळी तळेगाव चौकात, आंबेठाण चौकात, भोसरीच्या लांडेवाडीत दिसते. लेबर कंत्राटदाराला डोक्यामागे कमिशन. खोलीमालकाला डोक्यामागे भाडं. गाडीवाल्याला सीटमागे पैसे.

आणि हा आणणारा कोण, इथे कथा खऱ्या अर्थानं आपली होते. बहुतेक वेळा तो गाववाला असतो. म्हाळुंगे, खराबवाडी, निघोजे, कुरुळी, नाणेकरवाडी, वराळे, सावरदरी या गावांच्या जमिनी एमआयडीसीत गेल्या. संपादनाची अधिसूचना निघाली की सातबाऱ्यावर शिक्का पडतो. शिक्का पडला की जमीन विकता येत नाही, कर्ज निघत नाही, पोरीच्या लग्नाला पैसा उभा राहत नाही. मोबदला मिळाला तो कोणाला शहाणपणानं वापरता आला, कोणाला नाही. ‘गुंठामंत्री’ हा शब्द शहरानं या लोकांची टिंगल करायला काढला. गळ्यातल्या साखळ्या, पांढऱ्या गाड्या, भोसरीतला तो जगभर छापून आलेला सोन्याचा शर्ट. टिंगल करणाऱ्यांनी कधी हे विचारलं नाही, की ज्याची विहीर, गोठा, वाडगं एका शिक्क्यात गेलं त्यानं पुढं करायचं तरी काय होतं. मोठ्या कंपनीनं त्याला नोकरी दिली नाही. दिली ती स्क्रॅपची, कॅन्टीनची, टँकरची, बसची, हाउसकीपिंगची आणि माणसं पुरवण्याची कंत्राटं. कंपनीला यात दोन फायदे. गाव शांत राहतं आणि कायम कामगार वाढत नाही. गाववाल्याला उत्पन्न मिळतं, पण ते त्याच्याच पुतण्याला कंत्राटी ठेवून मिळतं.

या भागातलं राजकारण याच कंत्राटांभोवती फिरतं, हे इथला कोणताही कार्यकर्ता चहा पिता पिता सांगेल. ग्रामपंचायतीचं सदस्यपद, जिल्हा परिषदेचं तिकीट, आमदारकी, या पायऱ्या चढायला पैसा लागतो आणि तो गेटवरून येतो. पक्ष बदलतो, झेंडा बदलतो, गेटवरची माणसं तीच. स्क्रॅपवरून गोळ्या चालल्याच्या बातम्या येतात. माथाडीच्या नावाखाली खंडणी मागितल्याच्या तक्रारी उद्योजक वर्षानुवर्षं करतात, मंत्री कारवाईची घोषणा करतात.

माथाडीचं नाव निघालं म्हणून सांगायला हवं. हमालांना, डोक्यावर ओझं वाहणाऱ्यांना नियमित काम, मजुरी आणि भविष्य निर्वाह निधी मिळावा म्हणून महाराष्ट्रानं १९६९मध्ये माथाडी कायदा केला. देशात असा कायदा दुसरा नव्हता आणि तो घडवण्यात अण्णासाहेब पाटलांचा वाटा सर्वांत मोठा. हंगामी माणसाला कायम माणसासारखं संरक्षण, ही त्या कायद्यामागची कल्पना आजच्या चाकणला सर्वाधिक लागू पडावी अशी आहे. तिचं इथे खंडणीच्या पावतीबुकात रूपांतर झालं. याच अण्णासाहेबांनी २२ मार्च १९८२ला मुंबईत मराठा समाजाच्या आरक्षणासाठी मोर्चा काढला आणि दुसऱ्या दिवशी स्वतःवर गोळी झाडून घेतली. हमालाच्या कायद्यासाठी लढणारा आणि आरक्षणासाठी प्राण देणारा माणूस एकच होता. आज एका बाजूला त्यांच्या नावाचं आर्थिक विकास महामंडळ कर्ज वाटतं, पोस्टरवर फोटो असतो. कायद्याची आठवण फार कोणी काढत नाही.

खेड तालुक्यातली एक जोडगोष्ट मला या सगळ्यात सर्वाधिक बोलकी वाटते. २५ जून २०१३ला बजाजच्या चाकण कारखान्यात दिलीप पवार यांच्या नेतृत्वाखालच्या विश्व कल्याण कामगार संघटनेनं काम बंद केलं. मागण्यांत एक विचित्र मागणी होती. प्रत्येक कामगाराला कंपनीचे पाचशे शेअर एक रुपया दरानं द्या. तेव्हा बाजारात त्या एका शेअरचा भाव दीड हजाराच्या वर होता. उद्योगविश्व हसलं. कंपनी नाही म्हणाली, काही उत्पादन दुसऱ्या कारखान्याकडे वळवलं आणि पन्नास दिवसांनी, ऑगस्टच्या मध्यावर, कामगार शेअर न घेता कामावर परतले.

त्याच तालुक्यात, कनेरसर, निमगाव, दावडी, गोसासी, रेटवडी या गावांत भारत फोर्ज आणि एमआयडीसीच्या विशेष आर्थिक क्षेत्रासाठी जमिनी गेल्या होत्या. शेतकऱ्यांना मोबदल्याखेरीज पंधरा टक्के विकसित जमीन परताव्यात मिळायची होती. ती प्रत्यक्ष वाटण्याऐवजी एका कंपनीत घालण्यात आली आणि शेतकरी तिचे भागधारक झाले. कल्पना देशभर वाखाणली गेली. शेतकरी उद्योगाचा मालक होणार! काही वर्षांनी हे भागधारक आंदोलनाला उतरले. आम्हाला शेअर नकोत, आमची जमीन द्या. म्हणजे बजाजमध्ये कामगार शेअर मागत होता आणि त्याला मिळत नव्हते. कनेरसरला शेतकऱ्याच्या हातात शेअर होते आणि त्याला ते नको होते. दोघांनाही एकच गोष्ट हवी होती. उद्या कोणी हलवू शकणार नाही असं काहीतरी नावावर. शहरी वाचकाला पहिल्याची मागणी उद्दाम आणि दुसऱ्याची अडाणी वाटली. मला दोघंही व्यवहाराला पक्के वाटतात.

जमिनीच्या परताव्याचा हा वाद नवा नाही. पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण १९७२मध्ये झालं. ज्यांच्या जमिनी सुरुवातीच्या वर्षांत गेल्या, त्यांच्या ‘साडेबारा टक्के परताव्या’ची मागणी वर्षानुवर्षं निवडणुकीच्या जाहीरनाम्यांत होती. २०२१मध्ये प्राधिकरणच पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणात (पीएमआरडीए) विलीन झालं. मागणी करणाऱ्यांत तोवर नातवंडांची पिढी आली होती.

जमीन नाही तर निदान पाणी. पवना धरण सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला पूर्ण झालं, मावळातली गावं उठली आणि अनेक धरणग्रस्तांचं पुनर्वसन रखडलं ते रखडलंच. पिंपरी-चिंचवडचं बहुतेक पाणी पवनेतून नदीपात्रानं रावेतच्या बंधाऱ्यापर्यंत येतं, तिथून उचललं जातं. महापालिकेनं केंद्राच्या नागरी योजनेतून धरणापासून निगडीपर्यंत सुमारे ३५ किलोमीटरची बंद जलवाहिनी टाकायचं ठरवलं. गळती कमी, पाणी स्वच्छ, अभियंत्याच्या दृष्टीनं प्रकल्प सरळ होता. मावळच्या शेतकऱ्याच्या दृष्टीनं नदी कोरडी आणि पाइप भरलेला. ९ ऑगस्ट २०११, क्रांतिदिन. शेतकऱ्यांनी बऊर गावाजवळ मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग अडवला. पोलिसांनी गोळीबार केला. तीन शेतकरी मेले, त्यातली एक बाई. प्रकल्प थांबला आणि बारा वर्षं थांबूनच राहिला. २०२३मध्ये सरकारनं स्थगिती उठवली तेव्हा मावळात पुन्हा बैठका सुरू झाल्या. याच डोंगररांगांत १९२१मध्ये सेनापती बापटांनी टाटांच्या धरणाविरुद्ध मुळशीचा सत्याग्रह केला होता. त्या वेळी वीज मुंबईला जाणार होती.

पाण्याच्या त्या भांडणात मावळचा शेतकरी एका बाजूला होता. दुसऱ्या बाजूला कोण होतं? निगडीतल्या सोसायटीत राहणारा, लातूरहून किंवा मावळातूनच आलेला, टेल्कोतून निवृत्त झालेला कामगार. पाण्यासाठी तोही त्रासलेला. दोघांची तोंडं एकमेकांकडे होती. पाण्याचं वाटप ठरवणारे खोलीत होते.

जिथून सुरुवात केली ते २०१८ हे वर्ष तर या पट्ट्यानं जातीच्या ताणात सुरू केलं. १ जानेवारीला कोरेगाव भीमा इथे हिंसाचार झाला. तळेगावहून चाकणमार्गे शिक्रापूरला जाणारा, ट्रेलरनं भरलेला रस्ता तुम्हाला त्याच परिसरात सोडतो. बाजूचं सणसवाडी हेही कारखान्यांचंच गाव. त्या प्रकरणातला पहिला गुन्हा २ जानेवारीला पिंपरी पोलिसांत नोंदला गेला आणि ३ तारखेच्या बंदला पिंपरीचा आंबेडकर चौक भरून गेला. सात महिन्यांनी चाकण पेटलं. जानेवारीत रस्त्यावर आलेला दलित पोरगा आणि जुलैत रस्त्यावर आलेला मराठा पोरगा एकाच कंत्राटदाराच्या हजेरीपटावर असणं अगदी शक्य आहे. दोघांच्या मागण्या न्याय्य की अन्याय्य, या वादात मी इथे पडत नाही. मला एवढंच दिसतं, की दोघांना एकत्र आणू शकेल अशी जागा गेटच्या आत होती आणि १९८९नंतर ती राहिली नाही. नायरच्या मागे कोण कुठल्या जातीचा, कुठल्या जिल्ह्याचा, हे विचारलं जात नव्हतं. आज खोली भाड्यानं देतानाही विचारलं जातं.

सरकारनं चाकणच्या दंगलीनंतर काय केलं? पोलिसांचं विशेष पथक नेमलं. आधीच ठरलेलं स्वतंत्र पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालय १५ ऑगस्टला सुरू झालं, चाकण त्याच्या हद्दीत आलं. आरक्षणाचा कायदा त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये झाला, मे २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो रद्द केला, फेब्रुवारी २०२४मध्ये दहा टक्क्यांचा नवा कायदा आला. उद्योगांसाठी एक शासन निर्णय तर २००८पासूनच आहे. पर्यवेक्षक दर्जाखालच्या जागांवर ८० टक्के स्थानिक माणसं घ्या. स्थानिक म्हणजे पंधरा वर्षं महाराष्ट्रात राहिलेला. त्यामुळे कागदावर परभणीचा पोरगा स्थानिक, बिहारचा परका. खेडच्या पोराला मात्र दोघंही सारखेच बाहेरचे. दर निवडणुकीत या ऐंशी टक्क्यांवरून कंपन्यांच्या गेटवर मोर्चे येतात, निवेदनं दिली जातात, फोटो छापून येतात. निवेदनात माणूस कुठला हे विचारलेलं असतं. तो किती महिन्यांसाठी, हे विचारलेलं मी अजून वाचलेलं नाही, कारण निवेदन घेऊन जाणाऱ्यांपैकी एखाद्याचं तरी त्याच गेटवर माणसं पुरवण्याचं कंत्राट असतं.

आणि जे आत कायम होते, त्यांचं? तळेगावला २००८मध्ये सुरू झालेला जनरल मोटर्सचा कारखाना डिसेंबर २०२०मध्ये बंद पडला. अमेरिकन कंपनी, युनियन असलेली, कामगार बहुतेक कायम. पुढच्या एप्रिलमध्ये १,४१९ कामगारांना ले-ऑफची नोटीस मिळाली. ते औद्योगिक न्यायालयात गेले, उपोषणाला बसले, मंत्र्यांना भेटले. २०२३मध्ये ह्युंदाईनं जमीन आणि यंत्रं घ्यायचा करार केला. करारात यंत्रं होती, इमारती होत्या, जमीन होती.